धुराला पत्ता असतो

पावसाळा सरला की कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात आणि पंचगंगेचं पाणी वरच्या अंगाला तटून राहतं. त्या फुगवट्यावर काठच्या शेतकऱ्यांच्या मोटरी चालतात. आता अशी कल्पना करा, की मे महिना आहे, या पाण्याला झेपतील त्याहून जास्त मोटरी आधीच चालू आहेत, पाणी तळाला गेलंय, आणि अशात आणखी एकजण अर्ज घेऊन येतो. मलाही मोटर बसवायचीय म्हणतो. त्याला नाही म्हणावं तर नवी शेती उभीच राहणार नाही. हो म्हणावं तर खालच्या सगळ्यांचं पाणी तुटणार. मग त्याला सांगायचं, "तू दहा हॉर्सपॉवरची मोटर खुशाल बसव, पण आधी याच फुगवट्यावरची बारा हॉर्सपॉवरची चालू मोटर कायमची बंद झाल्याचा कागद आण." तो काठानं फिरेल, ठिबक केल्यामुळं ज्याला आता कमी पाणी पुरतं अशा कुणाला तरी गाठेल, चार पैसे देऊन त्याची मोटर उचलायला लावील. नवी मोटर बसली, आणि नदीतला उपसा दोन हॉर्सपॉवरनं कमीच झाला.

पाण्याच्या जागी हवा आणि मोटरीच्या जागी धुराडं धरलं की 'एअर पोल्यूशन ऑफसेट क्रेडिट', म्हणजे एकीकडचा धूर कमी केल्याचं, दुसरीकडं भरपाई म्हणून चालणारं श्रेय, हा प्रकार निम्मा समजतो. उरलेला निम्मा अवघड आहे, आणि लोक फसतात ते त्या निम्म्यात.

हे सगळं लिहायला बसलो ते भाच्यामुळं. तो शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. दिवाळीत जेवायला आला होता तेव्हा म्हणाला, "मामा, आमच्या मालकांना कुणीतरी सांगितलंय, जुना क्युपोला, ती लोखंड वितळवायची कोकची भट्टी, बंद केला की त्याचं क्रेडिट मिळतंय आणि ते विकता येतंय. परदेशात म्हणे कचरा जाळायच्या भट्ट्या बंद करून महापालिका असे पैसे मिळवतात. धूर बंद केल्याचे पैसे कोण देणार? आणि ज्यानं ते क्रेडिट घेतलं तो त्याचं करणार काय?" दोन्ही प्रश्न अगदी नेमके होते. त्या दिवशी मी जमेल तेवढं सांगितलं. सगळं सांगायला एक जेवण पुरलं नाही.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. तिथं १९७० साली हवेचा मोठा कायदा झाला. कोणत्या प्रदूषकाचं हवेतलं प्रमाण किती असलेलं चालेल याच्या मर्यादा ठरल्या आणि शहरांना मुदत दिली गेली. १९७५ च्या आसपास लक्षात आलं, की बरीच शहरं मर्यादेत आलेलीच नाहीत. आता कायद्याचा अर्थ अक्षरशः घ्यायचा तर त्या शहरांत नवा कारखाना काढताच येणार नव्हता, कारण हवा आधीच मर्यादेबाहेर आणि नवा कारखाना तिच्यात भरच घालणार. नोकऱ्या की फुप्फुसं, असा पेच पडला. त्यातून १९७६ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं ऑफसेटचा नियम काढला आणि १९७७ मध्ये संसदेनं तो कायद्यात घातला. नियम वर सांगितलेल्या मोटरींसारखाच : नवा कारखाना काढ, पण त्याच भागात, त्याच प्रदूषकाची, तुझ्यापेक्षा थोडी जास्त घट दुसरीकडून करून आण. शिवाय तुझ्या कारखान्यात धूर रोखायची उत्तमातली उत्तम यंत्रणा बसव. ही दुसरी अट लोक विसरतात. क्रेडिट विकत घेतलं म्हणून वाटेल तसा धूर सोडता येत नाही.

सुरुवातीच्या काळातलं एक उदाहरण मला फार आवडतं. फोक्सवॅगन कंपनीला पेनसिल्व्हेनियात मोटारींचा कारखाना काढायचा होता. मोटारींना रंग देताना रसायनांच्या वाफा हवेत जातात, त्याची भरपाई कुठून आणायची? भरपाई आली रस्त्यांवरून. तिथला रस्ते विभाग रॉकेलसारख्या द्रावकात पातळ केलेलं डांबर वापरत असे. ते वाळताना सगळं द्रावक हवेत उडून जायचं. विभागानं त्याऐवजी पाण्यात मिसळलेलं डांबर वापरायला घेतलं, वाफा कमी झाल्या, आणि ती घट नव्या कारखान्याच्या नावे जमा झाली. ही घट एकाही धुराड्याला हात न लावता झाली होती. कुठं काय जळतंय, काय उडतंय याचा शोध घ्यायला लोक त्यामुळं प्रवृत्त झाले. या कल्पनेचा खरा गुण मला तिथं दिसतो.

आता कचऱ्याच्या भट्ट्या. शहराचा कचरा मोठ्या भट्टीत जाळून त्याची राख करायची, उष्णतेवर वीज काढायची, याला आपण इन्सिनरेटर म्हणतो. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक शहरांनी हा मार्ग धरला होता. कचऱ्यात काय नसतं? भाजीचे देठ, प्लास्टिक, बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, चपला. हे सगळं एकत्र जळलं की धूळ, नायट्रोजनची ऑक्साइडं, गंधकाचे वायू, पारा, शिसं आणि डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी संयुगं बाहेर पडतात. डायॉक्सिन हे क्लोरीन असलेला कचरा अर्धवट जळताना, आणि धूर निवत असताना साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात तयार होतं. म्हणून चांगल्या भट्टीत धूर ८५० अंशांच्या वर निदान दोन सेकंद ठेवतात, मग झपाट्यानं थंड करतात, मग गाळतात. १९९० साली अमेरिकेनं अशा भट्ट्यांसाठी वेगळे कडक नियम करायचं ठरवलं, आणि पुढच्या पंधरा वर्षांत तिथल्या शहरी कचराभट्ट्यांतलं डायॉक्सिन ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. बऱ्याच जुन्या भट्ट्यांना तो खर्च परवडला नाही, त्या बंद पडल्या. जिथं भट्टी बंद होऊन तिच्या जागी दुसरी व्यवस्था आली, तिथं प्रश्न उभा राहिला : या बंद झालेल्या धुराचं क्रेडिट किती, आणि ते कुणाचं?

कुणाचं, हा करारातला मुद्दा आहे. भट्टी महापालिकेची असेल आणि चालवणारा ठेकेदार असेल, तर क्रेडिट कुणाच्या खात्यात जाणार हे आधीच लिहून ठेवावं लागतं, एवढं सांगून पुढं जातो. किती, हा मात्र सगळ्याचा गाभा आहे. त्याला चार चाळण्या आहेत.

पहिली चाळणी वरकडपणाची. झालेली घट ही कायद्यानं तुम्हाला तशीही करावीच लागली असती का? लागली असती, तर तिचं क्रेडिट नाही. शेजाऱ्याच्या दारात घाण टाकायची थांबवली म्हणून कुणी बक्षीस मागत नाही. दुसरी मोजणीची : घट आकड्यात दाखवता आली पाहिजे, अंदाजपंचे नाही. तिसरी कायमपणाची : आज बंद, वर्षानं पुन्हा चालू, असं चालत नाही. चौथी बांधिलकीची : परवान्यातच लिहिलेलं असलं पाहिजे, म्हणजे मोडलं तर कारवाई करता येते. शेवटच्या दोन समजायला सोप्या आहेत. पहिल्या दोन चाळण्यांत खरी मारामारी होते, म्हणून एक हिशेब करून बघू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेत.

एका शहराची जुनी कचराभट्टी आहे. ती वर्षाला प्रत्यक्षात १२ टन धूळ हवेत सोडते. नवा नियम येतोय, त्यानुसार तिला १० टनांवर यावंच लागणार आहे. शहर ठरवतं, की भट्टीच बंद करू आणि ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढू. नव्या प्रकल्पातलं गॅस इंजिन आणि जादा फिरणाऱ्या गाड्या मिळून १ टन धूळ सोडणार. मग क्रेडिट किती? १२ उणे १, म्हणजे ११? नाही. १२ वरून १० वर येणं ही कायद्याची सक्ती होती, ते दोन टन वरकड नाहीत. १० उणे १, म्हणजे ९ टन क्रेडिट. आता नवा कारखाना हे क्रेडिट घेतो. त्या भागात दीडास एक असं प्रमाण असेल, म्हणजे दीड टन क्रेडिटमागे एक टन धूर, तर ९ टन क्रेडिटवर त्याला ६ टन धूळ सोडायची मुभा मिळते. आधी हवेत १२ टन जात होते, आता प्रकल्पाचा १ आणि कारखान्याचे ६ मिळून ७ टन जातात. शहर सुधारलं, कारखानाही आला. ओझोन या प्रदूषकासाठी अमेरिकी कायद्यात हे प्रमाण हवा किती वाईट आहे त्यावर ठरतं. जरा वाईट असेल तर १.१ ला १, अगदीच वाईट असेल तर १.५ ला १.

आता हाच हिशेब लबाडीनं करू. भट्टीच्या जुन्या परवान्यावर लिहिलंय, की ती वर्षाला ३१ टनांपर्यंत धूळ सोडू शकते. तेवढी ती कधीच सोडत नव्हती, अर्ध्या क्षमतेनंच चालत होती. पण कागदावर ३१ आहेत. कुणी म्हणालं, ३१ उणे १, म्हणजे ३० टन क्रेडिट, तर त्यावर नव्या कारखान्याला २० टनांची मुभा मिळेल. हवेत आता जाणार १ अधिक २०, म्हणजे २१ टन. पूर्वी जात होते १२. कागद सांगतोय प्रदूषण घटलं, आणि प्रत्यक्षात ते पावणेदोन पट झालं. म्हणून परवान्यावरचा आकडा धरायचा नाही, गेल्या साधारण दोन वर्षांत धुराड्यातून खरोखर किती गेलं ते धरायचं, असा दंडक आहे. दोन वर्षं जळालेली, विहिरीकाठी पडून असलेली मोटर उचलून नदीचं पाणी वाचत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही.

कचराभट्टीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न न चुकता विचारायला हवा. भट्टी बंद झाली, मग कचरा गेला कुठं? डेट्रॉइट शहरातली प्रचंड मोठी भट्टी १९८९ मध्ये सुरू झाली होती. आसपास राहणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं दुर्गंधी आणि धुराबद्दल तक्रारी केल्या, शेवटी मार्च २०१९ मध्ये ती बंद झाली. त्या वस्तीसाठी ती सुटका होती. कचरा मात्र तेवढाच निघत राहिला आणि डेपोंकडं वळला. डेपोत ओला कचरा कुजून मिथेन होतो, तो पेट घेतो, गाड्या लांब फिरतात, डिझेल जळतं. भट्टीच्या जागी काय आलं, हे सांगितल्याशिवाय भट्टी बंद केल्याचा हिशेब पुरा होत नाही. ओला कचरा वेगळा करून त्याचं खत किंवा गॅस केला आणि सुका कचरा भंगाराच्या साखळीत घातला, तर ती खरी घट. नुसता ढीग एका पेठेतून दुसऱ्या गावाच्या वेशीवर नेला, तर धूर घर बदलून राहायला गेला एवढंच.

धुराला पत्ता असतो, असं मी भाच्याला सांगितलं ते इथं. आणि कार्बन क्रेडिटपासून हे क्रेडिट वेगळं पडतं तेही याच जागी. हल्ली कार्बन क्रेडिट हा शब्द सगळ्यांच्या कानावर असतो. भारतातही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. कार्बन डायऑक्साइड हा वायू कोल्हापुरात सोडला काय आणि कॅनडात सोडला काय, तो सगळ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो आणि पृथ्वीला सारखाच तापवतो. त्यामुळं इथली वाढ तिथल्या घटीनं भरून निघते, असं निदान तत्त्वतः म्हणता येतं. धूळ आणि डायॉक्सिनचं तसं नाही. कोल्हापूरच्या लाईन बझारात कचरा पेटला तर धूर शेजारच्या कसबा बावड्यातल्या पोरांच्या छातीत जातो. त्याची भरपाई म्हणून नाशकात एखादं धुराडं बंद केलं, तर नाशिककरांचं भलं होईल. बावड्यातल्या पोराला त्याचा काय उपयोग?

याचा धडा लॉस एंजेलिसमध्ये मिळाला. १९९३ मध्ये तिथल्या हवा नियंत्रण जिल्ह्यानं एक नियम केला. तेल कंपन्यांनी जुन्या, धूर ओकणाऱ्या मोटारी विकत घेऊन मोडीत काढाव्यात आणि त्याचं क्रेडिट घ्यावं. त्या बदल्यात बंदरावर जहाजांत तेल भरताना उडणाऱ्या वाफा पकडायची यंत्रणा त्यांना लगेच बसवायला नको. एकूण बेरजेत हिशेब बसत होता. पण जुन्या मोटारी सगळ्या महानगरात पसरलेल्या होत्या, त्यांचा धूरही सगळीकडं थोडा थोडा. बंदरावरच्या वाफा मात्र एकाच जागी, आणि त्यांत बेन्झीनसारखं कर्करोगाला कारण होणारं रसायन. बंदराशेजारी राहणारे लोक बहुतेक गरीब होते. सगळ्या शहराची हवा रुपयात एका पैशानं सुधारली आणि या लोकांच्या नाकाशी विष तसंच राहिलं. त्यावर रीतसर तक्रार झाली, वाद झाला. तेव्हापासून या विषयातली जाणती माणसं कुठल्याही क्रेडिटबद्दल आधी एक प्रश्न विचारतात : घट कुणाच्या नाकाशी झाली, आणि वाढ कुणाच्या?

आता कोल्हापूर. आपल्याकडं परदेशातल्यासारखी शहराचा सगळा कचरा जाळणारी मोठी भट्टी नाही. आणि नाही ते बरंच आहे असं माझं मत आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८० च्या दशकात डेन्मार्कच्या मदतीनं अशी भट्टी बांधली होती. आपला कचरा ओला आणि मातीमिश्रित, तो धड जळेचना, आणि ती भट्टी बंद पडली. २०१६ च्या घनकचरा नियमांतही म्हटलं होतं, की पुनर्वापर न होणारा आणि किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा कचरा ऊर्जेसाठी वापरावा. शिळ्या भाताच्या, केळीच्या सालींच्या, झाडलोटीच्या पाल्याच्या कचऱ्याला ती पातळी कुठून गाठता येणार? त्याला मातीत जायचंय, आगीत नाही. दवाखान्यांच्या पिवळ्या पिशव्यांतला जंतूसंसर्गाचा कचरा मात्र वेगळा. तो नियमानं बहुतेक ठिकाणी उच्च तापमानाला जाळावा लागतो, तिथं भट्टी हवी आणि चांगलीच हवी.

मोठी भट्टी नसली तरी छोट्या भट्ट्या आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. पहाटे कचऱ्याच्या कोंडाळ्याला लावलेली काडी ही इन्सिनरेटरच असते, फक्त तिला धुराडं नसतं आणि गाळणी नसते. थंडीत शेकोटीत टाकलेलं टायर, दुकानाबाहेर झाडून पेटवलेले प्लास्टिकचे कागद, रिकाम्या प्लॉटवरचा पाला, शेतात पेटवलेलं उसाचं पाचट. झूम कचरा प्रकल्पावरच्या जुन्या ढिगाला आग लागल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. ओल्या कचऱ्याचा असा ढीग ८५० अंशांच्या जवळपासही जात नाही. तो धुमसतो. आणि धुमसणं म्हणजे नेमकं ते तापमान, जिथं डायॉक्सिन तयार होतं. वर तो धूर उंच धुराड्यातून जात नाही, माणसाच्या नाकाच्या उंचीवर पसरतो. किलोमागे विष मोजलं तर नीट चालवलेल्या भट्टीपेक्षा कोंडाळ्यातली ही आग कैक पटींनी वाईट आहे.

मग कोंडाळे पेटवणं बंद केलं तर कोल्हापूर महापालिकेला त्याचं क्रेडिट मिळायला हवं का? भाच्यानं हा प्रश्न विचारला तेव्हा त्याला वाटत होतं मी हो म्हणेन. पहिल्या चाळणीतच तो अडकतो. उघड्यावर कचरा जाळायला आधीच बंदी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्यासाठी दंडही ठरवून दिला, साधं जाळलं तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये. जे करायलाच नको होतं ते थांबवलं, यात वरकड काहीच नाही. आणि दुसऱ्या चाळणीत तर काहीच उरत नाही, कारण गेल्या वर्षी किती कोंडाळे पेटले, किती किलो जळालं याची नोंदच नाही. अशा धुराचं क्रेडिट द्यायला लागलो, तर कागदावर वाटेल तेवढ्या आगी विझवता येतील आणि तेवढा खरा धूर नव्या धुराड्यांतून सोडता येईल. लॉस एंजेलिसमध्येही लोक पूर्वी परसात कचरा जाळायच्या छोट्या भट्ट्या ठेवत. १९५७ मध्ये त्यांवर थेट बंदी आली. क्रेडिट कुणाला दिलं नाही, टिपर घरापर्यंत पाठवला. आपल्या कोंडाळ्यांसाठी मला हाच रस्ता बरोबर वाटतो. टिपर वेळेवर आला, झाडू कामगाराला पाला टाकायला जवळ जागा मिळाली, की काडी ओढायचं कारणच राहत नाही. पाला पेटवणारा कामगार वाईट माणूस नसतो. तेवढा पाला न्यायला त्याला गाडी मिळालेली नसते, आणि सगळ्यात आधी तो धूर त्याच्याच छातीत जातो.

क्युपोलाचं मात्र वेगळं आहे. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना समजावायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. क्युपोला म्हणजे उंच उभी भट्टी. वरून कोक, लोखंडी मोड आणि चुनखडी थरांत टाकायची, खालून हवा फुंकायची, वितळलेलं लोखंड खाली काढायचं. कोक जळताना धूळ, गंधकाचे वायू, कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याऐवजी विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली, की इथला धूर एकदम घटतो. क्युपोला नियमात राहून चालवता येतो, तो बंद करायची सक्ती नसेल, तर मालकानं स्वतःहून बंद करणं हे वरकड. कोक किती आणला याची वही असते, चिमणीची तपासणी झालेली असते, म्हणजे मोजताही येतं. काढून टाकलेली भट्टी पुन्हा उभी राहत नाही, म्हणजे घट कायमची. ऑफसेटच्या कल्पनेत बसेल असं उदाहरण आपल्या गावात शोधायचं तर ते शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात सापडेल.

तरी पत्ता विचाराच. इंडक्शन भट्टीला लागणारी वीज महाराष्ट्राच्या जाळ्यातून येते. त्यात कोयनेचं पाणी असतं, तसा चंद्रपूरचा कोळसाही असतो. म्हणजे शिरोलीचा धूर थोडा चंद्रपूरला गेला. स्थानिक हवेच्या क्रेडिटमध्ये ही वजाबाकी धरली जात नाही. पण चंद्रपूरच्या माणसाला ती धरावीशी वाटेल, आणि त्याचं बरोबर आहे.

अशा क्रेडिटचा कायदा आपल्याकडं आहे का? अमेरिकेसारखा, नव्या कारखान्याला शेजारच्या धुराची भरपाई सक्तीची करणारा कायदा आज नाही. १९८१ चा हवा कायदा आहे, त्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र घ्यावं लागतं, मर्यादा पाळाव्या लागतात. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, तेव्हा मर्यादा न गाठलेल्या शहरांच्या यादीत आपलं कोल्हापूरही होतं, शेजारचं सांगली आणि सोलापूरही. त्यातली एक मर्यादा पीएम१० ची, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची. तिची वार्षिक मर्यादा आपल्याकडं घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. २०१९ मध्येच सुरतेत, प्रामुख्यानं कापड कारखान्यांच्या धुळीसाठी, प्रदूषणाच्या परवान्यांचा देशातला पहिला बाजार सुरू झाला. पण तो ऑफसेटचा नाही. तिथं आधी सगळ्या कारखान्यांची मिळून एक कमाल मर्यादा ठरते, तेवढे परवाने वाटले जातात, चिमणीत सतत मोजणारी यंत्रं असतात, आणि ज्याचा धूर कमी तो उरलेले परवाने विकतो. अभ्यासात दिसलं, की बाजारात असलेल्या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली. मला ही पद्धत ऑफसेटपेक्षा सरळ वाटते. बंधाऱ्यात पाणी किती ते आधी मोजायचं, मग वाटायचं. ऑफसेटमध्ये एकूण किती हे कुणी ठरवत नाही, फक्त नवा आणि जुना यांची अदलाबदल बघितली जाते. ऑक्टोबर २०२३ च्या हरित श्रेय (ग्रीन क्रेडिट) नियमांत हवेचं प्रदूषण कमी करणं आणि कचरा व्यवस्थापन यांचाही उल्लेख आहे, पण सुरुवात झाली ती झाडं लावण्यापासून.

म्हणजे भाच्याच्या मालकांना ज्यानं कुणी क्रेडिट विकायचं स्वप्न दाखवलं, त्यानं तिकडची गोष्ट इकडं सांगितली. मी त्याला तसं सांगितलं. तो थोडा हिरमुसला. मग विचारलं, "क्युपोला कधी काढणार?"

"बेंदूर झाला की. नवी भट्टी बसलीय."

"शेवटची चिमणी तपासणी कधी झाली?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग काढायच्या आधी एकदा पूर्ण लोडवर चालवून मोजून घ्या. कोकच्या वह्या फेकू नका. किती तास चालला, किती लोखंड पडलं, लिहून ठेवा."

"कायदाच नाही म्हणताय, मग कशाला, मामा?"

कायदा आला तर त्यातला पहिला प्रश्न, आधी किती धूर होता, हाच असणार. आणि नाही आला तरी शिरोलीच्या शाळेतल्या पोरांसाठी वर्षाला किती धूळ कमी झाली, हा आकडा कुणाकडं तरी असला पाहिजे. काढून टाकलेली भट्टी मोजता येत नाही. भाचा काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी फोन आला, प्रयोगशाळेची माणसं चिमणीच्या शिडीवर चढली होती, मागं ब्लोअरचा आवाज एवढा होता की त्याचं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही.